एका चित्राने राखलेली होडी

#धागा

१/ सन १७४२. प्रशांत महासागरातील टिनियन बेट. स्कर्व्हीने खंगलेल्या इंग्रज नौसैनिकांनी तेथे हाती लागलेली एक होडी पूर्णपणे उकलली, मोजली आणि कागदावर उतरवली. ज्यांच्या पूर्वजांनी तशा होड्या बांधल्या, त्यांनाच पुढे अडीचशेहून अधिक वर्षांनी त्या कागदाचा आधार घ्यावा लागला. हा धागा त्या होडीचा.

२/ प्रथम रचना पाहू. मालवण-वेंगुर्ल्याकडे किंवा गोव्यात ज्यांनी उलांडीची होडी पाहिली आहे, त्यांना तत्त्व लगेच उमगेल. अरुंद होडी वेगाने धावते, पण सहज कलंडते. म्हणून तिच्यापासून काही अंतरावर, आडव्या दांड्यांना बांधलेला एक ओंडका पाण्यावर ठेवायचा. हीच उलांडी. रुंदी न वाढवता तोल मिळतो.

३/ मेरियाना बेटांवरील चामोरो लोकांनी हे तत्त्व टोकाला नेले. त्यांच्या मोठ्या शिडाच्या होडीचे नाव साकमन. तिची उलांडी नेहमी वाऱ्याच्या बाजूलाच राहते. वारा होडीला विरुद्ध बाजूस कलवू पाहतो, तेव्हा उलांडीचे वजन तिला खाली ओढून धरते.

४/ मग दिशा बदलताना काय करायचे? होडी वळवायचीच नाही. शिडाचे टोक उचलून दुसऱ्या टोकाशी न्यायचे. जो मागचा भाग होता, तोच आता पुढचा होतो. म्हणून साकमनची दोन्ही टोके सारखी असतात.

५/ मार्च १५२१ मध्ये मॅगेलनचा ताफा या बेटांवर पोहोचला. बेटकऱ्यांनी जहाजाची एक लहान नाव नेली, तेव्हा मॅगेलनने चाळीस सशस्त्र माणसांसह किनाऱ्यावर उतरून घरे आणि अनेक होड्या जाळल्या, सात माणसे मारली. बेटांना नाव पडले ‘लाद्रोनेस’, म्हणजे चोरांची बेटे. तरी त्याच ताफ्यातील पिगाफेत्ताने या होड्यांचे वर्णन आवर्जून लिहून ठेवले.

६/ १६६८ मध्ये सान व्हितोरेस यांच्या नेतृत्वाखाली स्पॅनिश जेझुइट मिशन आले. पुढची सुमारे तीन दशके संघर्ष आणि साथींची होती. लोकसंख्या कोसळली. उत्तरेकडील बेटे रिकामी करून माणसे मुख्यतः ग्वामवर आणून वसवण्यात आली. ज्यांना बेटाबाहेर जाण्याचे प्रयोजनच उरले नाही, त्यांनी दूर जाणारी होडी कशासाठी बांधावी?

७/ म्हणूनच कमोडोर जॉर्ज ॲन्सनचे ‘सेंच्युरियन’ जहाज १७४२ मध्ये टिनियनला लागले, तेव्हा बेटावर वस्ती नव्हती. ग्वामच्या स्पॅनिश शिबंदीसाठी मांस सुकवायला आलेली एक तुकडी तेवढी होती. तिच्यातील एक स्पॅनिश माणूस आणि चार बेटकरी इंग्रजांच्या हाती सापडले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची होडीही.

८/ लेफ्टनंट पियर्सी ब्रेटचे या होडीचे चित्र १७४८ च्या ॲन्सन-प्रवासग्रंथात छापले गेले. ग्रंथातील तपशील पाहा: एक बाजू गोलसर, दुसरी जवळजवळ सपाट, टोकाला टोक जोडून सालीने शिवलेले दोन भाग, लोखंड कोठेही नाही. तळाशी जाडी सुमारे दोन इंच, वरच्या काठाशी एक इंचाहूनही कमी. शीड चटईचे. वेगाचा अंदाज ताशी सुमारे वीस मैल!

९/ दीडशे वर्षांनी, १८९८ मध्ये, फ्लोरिडातील नौका-रचनाकार राल्फ मन्रो यांनी या ग्रंथाच्या आधारे तीस फुटी होडी बांधली. दोन लांब फळ्या, त्यांच्यामध्ये अरुंद सपाट तळ, बाजूला उलांडी. त्यांचा लेख ‘द रडर’ मासिकात छापला गेला आणि जहाजाची गोदी नसतानाही अशी होडी बांधता येते, हे हौशी लोकांना पटले. आज जगभर लोक घराच्या अंगणात प्लायवुडच्या उलांडी-होड्या बांधतात. त्या परंपरेची एक मुळी या चित्राशी जाते.

१०/ पण चित्र आकार सांगते. शीड केव्हा उचलायचे, लाट कशी ओळखायची, हे सांगत नाही. ती विद्या दक्षिणेकडील कॅरोलाइन बेटांवर टिकली होती. १८१५ च्या सुमारास वादळाने उद्ध्वस्त झालेले कॅरोलाइनकर मेरियानांतील सायपान बेटावर येऊन वसले, तेही आपल्या होड्यांतूनच.

११/ त्याच कॅरोलाइन बेटांपैकी सातावालचे माउ पियाइलुग यांनी १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ ही जोडहोडी हवाईहून ताहितीला नेली. होकायंत्र नाही, नकाशा नाही. केवळ तारे, लाटा आणि पक्षी यांचा आधार. पुढे त्यांनी आपली विद्या परक्या बेटांतील तरुणांनाही शिकवली, कारण ती आपल्याबरोबर संपेल ही भीती त्यांना होती. २०१० मध्ये ते निवर्तले.

१२/ आणि चामोरो? कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे स्थायिक झालेल्या चामोरो मंडळींनी ॲन्सन-ग्रंथातील त्या चित्रावरून सुमारे ४७ फुटांची साकमन बांधली. तिचे नाव ‘चेलू’, म्हणजे भावंड.

१३/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकावे. ब्रेटने चित्र काढले ते चामोरोंसाठी नव्हे. त्या होडीचे मूळ मालक तर कैदेत होते. तरीही त्याचे साधन त्यांच्या वंशजांच्या कामी आले. साधनाचा हेतू आणि साधनाचा उपयोग या दोन गोष्टी वेगळ्या असतात. कागदाने आकार राखला, माणसांनी विद्या राखली. दोहोंपैकी एकच उरले असते, तर होडी अपुरी राहिली असती.

१४/ आपल्या किनाऱ्यावरही आता फायबरच्या होड्या आल्या आहेत. तुमच्या गावी उलांडीची जुनी होडी असेल, तर तिची मापे घ्या, चित्र काढा, प्रत्येक भागाचे स्थानिक नाव लिहा. आणि ती बांधणारे हात अजून असतील, तर आधी त्यांच्याशेजारी जाऊन बसा.

धागा समाप्त.