दाढीधारी बँटम : बेल्जियममधील एका पक्षिजातीच्या प्राचीनत्वाचा प्रश्न

हेलसिंकी येथील १९५२ च्या ऑलिंपिक सामन्यांत खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळविले ते ‘बँटम’ वजनगटात, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. मात्र मुष्टियुद्धातून कुस्तीत आलेले हे नाव एका चिमुकल्या कोंबड्याचे आहे, आणि त्या कोंबड्यास ते जावा बेटाच्या पश्चिम भागातील बंताम बंदरावरून मिळाले, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. डच जहाजे १५९६ मध्ये प्रथम त्या बंदरात पोहोचली. थोड्याच वर्षांत इंग्रजांनीही तेथे वखार घातली आणि १६८२ मध्ये त्यांना ती सोडावी लागली. मिऱ्यांच्या गोण्यांबरोबर लहान चणीच्या कोंबड्याही युरोपात गेल्या. त्या सर्व बंतामच्याच होत्या असे मानण्याचे मात्र कारण नाही. माल ज्या बंदरातून चढला त्या बंदराचे नाव मालास चिकटावे, हा व्यापाराच्या इतिहासातील नित्याचा अनुभव आहे. पुढे युरोपात आधीपासून असलेल्या ठेंगण्या कोंबड्यांनाही तेच नाव लाभले. नावावरून कुळ शोधू जाणाऱ्यास येथे पहिल्याच पावलाला ठेच लागते.

या सर्व बुटक्या कोंबड्यांत बेल्जियमच्या दाढीधारी बँटमांचे स्थान वेगळे आहे. अँटवर्पच्या नावाने ओळखली जाणारी ‘बार्बू दांव्हेर’ ही त्यांतील ज्येष्ठ जात. तिचा कोंबडा वजनाने पाऊण किलोच्या आसपास भरतो. छाती पुढे काढलेली, पंख जमिनीकडे झुकलेले, मानेवरील पिसांचा भरगच्च फुगवटा, डोक्यावर मागे निमुळता होत गेलेला गुलाबी घाटाचा तुरा. आणि चोचीखाली दाढी व दोन्ही गालांवर कल्ले असा पिसांचा तीन भागांचा गुच्छ. चोचीखाली लोंबणारे लाल मांसल लोळे इतर कोंबड्यांत ठळक असतात. येथे ते जवळजवळ लुप्त झालेले आहेत. इतर अनेक बँटम जाती म्हणजे मोठ्या जातींच्या लहान आवृत्त्या होत. या जातीस मोठे भावंडच नाही.

अँटवर्पची ही जात शतकानुशतके जुनी आहे, असे तिचे अभिमानी सांगत आले आहेत. या दाव्यास मुख्य आधार दिला जातो तो सतराव्या शतकातील चित्रांचा, विशेषतः डॉर्ड्रेख्टचा चित्रकार आल्बर्ट कॉइप (१६२०–१६९१) याच्या एका चित्रात दिसणाऱ्या पक्ष्याचा. इतिहासाच्या अभ्यासकाने हा पुरावा तपासून घेतला पाहिजे. चित्रातील पक्षी ही एक व्यक्ती असते. जात ही पिढ्यांची परंपरा असते. एका व्यक्तीच्या अस्तित्वावरून परंपरेचे सातत्य सिद्ध होत नाही. शिवाय कॉइप हॉलंडचा. अँटवर्प त्या वेळी स्पेनच्या अंमलाखालील नेदरलंड्समध्ये. हॉलंडमध्ये घुबडासारख्या मुखाची ‘उइलेबार्ड’ नावाची एक दाढीवाली मोठी कोंबडी त्या काळीही होती, व ती तत्कालीन चित्रांतून आढळते. तेव्हा चित्रात दाढी दिसली म्हणून ती अँटवर्पच्याच बँटमची, हा निष्कर्ष उतावळेपणाचा ठरतो.

आनुवंशिकीच्या शोधांनी हा आक्षेप अधिकच बळकट केला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाढी व कल्ले यांचे मूळ सत्ताविसाव्या गुणसूत्रावरील एका गुंतागुंतीच्या रचनाबदलात असल्याचे दाखविण्यात आले. हे लक्षण अपूर्ण प्रभावी आहे. म्हणजे माता-पित्यांपैकी एकानेही ते दिले तरी संततीत दाढी कमीअधिक प्रमाणात उमटते. गुलाबी तुराही तसाच प्रभावी. एखाद्या दाढीवाल्या कोंबडीचा गावातील बुटक्या, गुलाबी तुऱ्याच्या कोंबड्याशी संयोग झाला, तर एकदोन पिढ्यांत कॉइपच्या पक्ष्यासारखा पक्षी अंगणात फिरू लागेल. आणि कोणी त्याची जोपासना केली नाही, तर तितक्याच पिढ्यांत नाहीसाही होईल. असे पक्षी सतराव्या शतकात होते, हे मान्य करण्यास अडचण नाही. जात होती काय, हा प्रश्न वेगळा आहे.

हा भेद डार्विनने स्पष्ट केला होता. ‘जातींचा उगम’ (१८५९) व पाळीव प्राणी आणि वनस्पती यांच्यातील बदलांवरील ग्रंथ (१८६८) यांत त्याने अजाणता होणारी निवड आणि पद्धतशीर निवड अशा दोन कोटी केल्या आहेत. शेतकरी चांगली कोंबडी ठेवतो व वाईट कोंबडी खातो, ही पहिली. हौशी पैदासकार मनातील चित्र समोर ठेवून जोड्या लावतो, ही दुसरी. इंग्लंडमध्ये सर जॉन सेब्राइट याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक पिसास काळी किनार असलेली बँटम सिद्ध केली, तो पद्धतशीर निवडीचा प्रसिद्ध दाखला. अतिनिकट संबंधातील जोड्यांमुळे तिची प्रजननशक्ती क्षीण झाली, हेही डार्विनने नोंदविले आहे. १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात कोंबड्यांचे प्रदर्शन भरले आणि १८६५ मध्ये इंग्लंडात जातींच्या प्रमाणलक्षणांचे पुस्तक निघाले. येथून पुढे पक्ष्याची परीक्षा अंगणात न होता पिंजऱ्यासमोर, छापील लक्षणांशी ताडून होऊ लागली. आपल्याकडील शालिहोत्राच्या ग्रंथांतही अश्वाची लक्षणे बारकाईने दिलेली आहेत, परंतु त्यांचा रोख धन्याच्या शुभाशुभाकडे व घोड्याच्या उपयोगाकडे असे. प्रदर्शनाच्या लक्षणपत्रास पक्ष्याचा उपयोग विचारावयाचा नसतो.

बेल्जियमच्या दाढीधारी जातींचा खरा जन्मकाळ शोधावयाचा तर तो येथे शोधला पाहिजे. ब्रसेल्सच्या दक्षिणेस उक्ल नावाचे उपनगर आहे. तेथे मिशेल व्हान गेल्डर याने एकोणिसाव्या शतकाची अखेर आणि विसाव्याचा आरंभ या काळात ‘बार्बू दुक्ल’ ही दुसरी जात घडविली. हिला दाढी अँटवर्पच्या बँटमची. परंतु तुरा एकेरी, आणि पायांवर, थेट बोटांपर्यंत, पिसांचा भार. पायांवर पिसे असलेली एक बँटम हॉलंडात पूर्वीपासून होतीच. या दोहोंच्या संकरातून नवी जात निघाली असे सर्वसामान्यपणे मानले जाते. पण संकरांची नोंद उपलब्ध नाही. ज्या जातीचा कर्ता, गाव व काळ ज्ञात आहे, तिचीही वंशावळ केवळ तिच्या अंगावरून वाचावी लागते. मग जिचा कर्ताच ठाऊक नाही त्या अँटवर्पच्या जातीस तीन शतकांची वंशावळ कोणत्या बळावर द्यावयाची?

योगायोग असा की याच सुमारास, १९०२ मध्ये, विल्यम बेटसन याने कोंबड्यांच्या तुऱ्यांचे प्रयोग प्रसिद्ध करून मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखविले. उक्लच्या पैदासकारास नियमांची गरज भासली नसावी. त्याच्यापाशी डोळा होता. ‘मिलफ्लर’, म्हणजे सहस्रपुष्प, या रंगप्रकारात हा डोळा कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. तांबूस सोनेरी पीस, त्याच्या टोकाशी काळी चंद्रकोर आणि कोरीच्या टोकावर पांढरा ठिपका, असे अंगभर यावे लागते. परंतु पांढरा अंश दर पिसे-गळतीनंतर वाढत जातो. पहिल्या वर्षी जी तलंग ठिपक्यांनी सुरेख दिसते, ती तिसऱ्या वर्षी पांढरीफटक होण्याचा संभव असतो. आणि जिच्या अंगावर ठिपके विरळ म्हणून नवखा तिला बाजूला काढतो, तीच पुढे ऐन बहरात येते. निवड करणाऱ्यास पुढे होणारा पक्षी आजच्या पक्ष्यात पाहावा लागतो. हे ज्ञान लक्षणपत्रात लिहिलेले नसते, ते खुराड्यापाशी बसून मिळते.

उक्लनंतर हा उद्योग गावोगाव पसरला. ब्रसेल्सच्या पूर्वेस एव्हरबर्ग येथे रॉबर्ट पॉवेल्स याने १९०४ ते १९०६ च्या सुमारास दोन्ही जातींचे शेपटीविरहित प्रकार काढले. त्यांना ग्रुबे व एव्हरबर्ग ही नावे मिळाली. वाटरमाल-ब्वाफॉर येथील द्रेस बंधूंनी दाढीस डोक्यावरील शेंडीची जोड देऊन आणखी एक जात सिद्ध केली. पंचवीसतीस वर्षांत, एका राजधानीच्या परिसरात, एवढ्या जाती! परसातील चार हात जागा, हाताशी थोडा पैसा व फावला वेळ असलेल्या उपनगरी वर्गाची ही निर्मिती होती. जुन्या कृषिजीवनाचा वारसा तीत शोधणे व्यर्थ आहे.

निवडणे आणि पोसणे यांत विरोध येतो तो येथेच. दाढी पाणी पिताना भिजते, म्हणून पाण्याचे भांडे अरुंद तोंडाचे ठेवावे लागते. कोंडून ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींच्या दाढ्या उपटून खातात. पायांची पिसे चिखलात मोडतात आणि त्यांच्या आड खवल्यांत किडे घर करतात. शेपटी नसलेल्या पक्ष्यांत फलित अंड्यांचे प्रमाण कमी पडते. गुलाबी तुऱ्याचे दुखणे याहून सूक्ष्म आहे. २०१२ मधील संशोधनाने असे दाखविले की ज्या गुणसूत्रीय उलटापालटीने हा तुरा उत्पन्न होतो तिनेच शुक्रजंतूंच्या गतीस आवश्यक असा एक जनुक खंडित होतो. परिणामी मातापिता दोघांकडून हा तुरा घेतलेला कोंबडा प्रजननास उणा पडतो, तर एकाकडूनच घेतलेला निर्दोष ठरतो. म्हणजे शुद्धतेची पराकाष्ठा साधणाऱ्या पैदासकाराचा उत्तम नर मागे पडतो, आणि ज्याच्या रक्तात एकेरी तुरा दडलेला आहे त्याची प्रजा वाढते. मग केव्हातरी एखाद्या पिलास एकेरी तुरा येतो, आणि धन्याच्या कपाळास आठी पडते. नाकारलेल्या लक्षणानेच जात तगवून धरली, हे त्यास कळण्याचा मार्ग नव्हता.

१९१४ ते १९१८ या काळात बेल्जियम जर्मन ताब्यात होता. आयात धान्यावर जगणाऱ्या त्या देशास परकीय मदत समितीच्या धान्यावर दिवस काढावे लागले. माणसांना भाकरी मोजून मिळत असता, लहानशी अंडी देणाऱ्या शोभेच्या कोंबडीस मूठभर दाणे टाकणे कठीण होते. या जातींची संख्या पार घटली. शेपटीविरहित प्रकार तर नामशेष होण्याच्या कडेवर आले. पण १९११ मध्येच या बँटमा इंग्लंडात गेल्या होत्या, आणि १९१४ मध्ये अमेरिकेच्या प्रमाणलक्षणांत मिलफ्लर प्रकारास स्थान मिळाले होते. युद्धानंतर उरलेल्या थोड्या पक्ष्यांतून जाती पुन्हा उभ्या करण्यात आल्या, तेव्हा चूक-बरोबर ठरविण्यास हाताशी होती ती छापील लक्षणे आणि काही वृद्ध हौशी माणसांची स्मृती. दुसऱ्या महायुद्धानंतर हाच खटाटोप पुन्हा करावा लागला. आज अँटवर्पच्या नावाने जो कोंबडा प्रदर्शनात छाती काढून उभा राहतो, तो कॉइपच्या चित्रातील पक्ष्याचा वंशज असेलही; त्याची दाखविता येण्याजोगी वंशावळ मात्र या छापील कागदापाशीच सुरू होते.