उडी मारली ती दुकानदारानं

हा भाग ऐकायला जवळ वेळ नसेल म्हणून वाचत असाल तर वाचा, काही हरकत नाही. ऑफिसच्या बसमध्ये आवाज ऐकू येत नाही, मला माहितीये.

आजचा विषय थोडा अचानक ठरला. दोन महिन्यांपूर्वी आमच्या कराडचे एक मोटारसायकल डीलर गेले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. माझ्या पप्पांनी २००४ साली त्यांच्याकडून स्प्लेंडर घेतली. पप्पा शाळामास्तर, वय अडतीस, आणि तोवर सायकलीशिवाय दुसरं काही चालवलेलं नव्हतं. अण्णांनी गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पेढे दिले. मग किल्ली हातात द्यायच्या आधी विचारलं, ''गुरुजी, येते ना चालवायला?'' पप्पा गप्प. तर पुढचे आठ दिवस संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर हा माणूस पप्पांच्या मागे बसून गावाबाहेरच्या मैदानात क्लच सोडायला शिकवत होता. आपल्याला आज फोन विकणारा माणूस सिम घालून देतानासुद्धा उपकार करतो.

अण्णा गेल्याचं कळल्यावर मी सवयीनं त्यांचं नाव सर्च केलं. काय सापडलं? दुकानाचा एक मॅपवरचा पत्ता, चुकीचा फोन नंबर, आणि खाली लाल अक्षरात 'कायमचं बंद'. बस. पस्तीस-चाळीस वर्षांचा धंदा, आणि एवढंच.

ते बघून मला दुसरा एक डीलर आठवला. त्याचं नाव सर्च केलं तर पानंच्या पानं निघतात. त्यातली निम्मी मात्र त्याच्या एका मित्रामुळे आहेत. आजची गोष्ट त्याची. बड एकिन्स. अमेरिका, लॉस एंजेलिस, ट्रायम्फ मोटारसायकलचा डीलर.

जन्म ११ मे १९३०, हॉलीवूडमध्ये. हॉलीवूड म्हटलं की आपल्याला स्टुडिओ दिसतो, पण त्या काळी गावामागच्या टेकड्या बऱ्याचशा मोकळ्या होत्या आणि हा पोरगा तिथं एका जुन्या हार्लेवर मातीत भटकायचा. तिथूनच त्याचं शर्यतीचं वेड सुरू झालं. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो युरोपात जाऊन मोटोक्रॉस खेळून आला, जेव्हा अमेरिकेत हा शब्दही फारसा कुणाला माहीत नव्हता. १९५५ साली त्यानं कॅटलिना बेटावरची ग्रां प्री जिंकली. मोहावी वाळवंटातली बिग बेअर ही शर्यत तर तीनदा.

ही वाळवंटातली शर्यत काय प्रकार होता ते सांगतो, कारण ऐकायला भारी आहे. शेकडो गाड्या एका लांबच लांब ओळीत उभ्या. समोर रस्ता नाही, काहीच नाही. काही मैलांवर टायर जाळून काळा धूर केलेला असतो. झेंडा पडला की सगळ्यांनी एकदम त्या धुराच्या दिशेनं सुटायचं. धूळ इतकी की पुढचा दिसत नाही. आणि गाड्या कोणत्या? आजच्यासारख्या हलक्या डर्ट बाईक नाहीत. ६५० सीसीच्या ट्रायम्फ, दीडशे किलोच्या वरचं धूड. लाईट, आरसे, जे काही निघेल ते काढून टाकायचं, इंजिनाखाली जाड पत्रा ठोकायचा, रुंद हँडल लावायचं. या गाड्यांना तिकडे 'डेझर्ट स्लेड' म्हणायचे, म्हणजे वाळवंटातली घसरगाडी. त्या बनवण्यात बडचा हात धरणारे फार कमी होते. रविवारी तो ज्या गाडीवर जिंकायचा, तीच गाडी सोमवारी लोकांना त्याच्या दुकानातून हवी असायची. मार्केटिंगचं बजेट शून्य.

दुकान शर्मन ओक्स भागात, व्हेंचुरा बुलेव्हार्डवर. तिथं शर्यतवाले यायचे, सिनेमावाले यायचे. टाकीवर रंगाच्या बारीक रेघा ओढणारा व्हॉन डच नावाचा अवलिया कलाकार तिथं काम करायचा. आणि पन्नाशीचं दशक संपता संपता एक टीव्ही नट यायला लागला, स्टीव्ह मॅक्वीन. ट्रायम्फच्या निमित्तानं ओळख झाली आणि बडनं त्याला वाळवंटात नेलं. मॅक्वीन पुढे जगातला सगळ्यात महागडा हिरो झाला, पण मातीत गाडी चालवायला तो या दुकानदाराच्या मागे मागे जाऊन शिकला.

इथं थोडा मागचा संदर्भ द्यायला हवा, नाहीतर पुढच्या उडीची किंमत कळणार नाही. १९५३ साली 'द वाइल्ड वन' नावाचा सिनेमा आला. त्यात मार्लन ब्रँडो गुंडांच्या टोळीचा म्होरक्या, आणि त्याच्याखाली ट्रायम्फ थंडरबर्ड. पश्चिम अमेरिकेतले ट्रायम्फचे मुख्य वितरक होते जॉन्सन मोटर्स. त्यांनी या गोष्टीला चक्क आक्षेप घेतला होता. आज हे वाचून हसू येतं, ब्रँडोचं ते पोस्टर लोक घरात लावतात. पण तेव्हा डीलर लोकांची भीती खरी होती. मोटारसायकल घेणारा म्हणजे वाया गेलेला, असं शेजारपाजारच्यांना वाटत असेल तर बाप पोराला पैसे देईल का?

मग आला १९६३ सालचा 'द ग्रेट एस्केप'. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४४ मध्ये, जर्मनांच्या श्टालाग लुफ्त ३ या कैदी छावणीतून भुयार खणून ७६ जण निसटले होते. त्यातले ७३ परत पकडले गेले आणि ५० जणांना गोळ्या घातल्या. ही खरी घटना. तिच्यात मोटारसायकल कुठंच नाही. ती सिनेमात आणली मॅक्वीनच्या हौसेनं. जर्मन सैनिकाची गाडी पळवून तो स्वित्झर्लंडच्या सीमेकडे सुटतो आणि काटेरी तारेच्या कुंपणावरून उडी मारतो. सिनेमा बघितला नसला तरी हा सीन तुम्ही कुठल्यातरी रीलमध्ये नक्की पाहिलाय.

ती उडी मॅक्वीनची नाही. बड एकिन्सची आहे.

हिरोचा हात-पाय मोडला तर शूटिंग बंद पडेल, म्हणून निर्मात्यांनी मॅक्वीनला उडी मारू दिली नाही. त्यानं आपल्या डीलरला जर्मनीत बोलावून घेतलं. बडनं त्याआधी सिनेमात स्टंट केलेला नव्हता. गाडी होती ट्रायम्फ टीआर६, रंग फासून जर्मन लष्करी गाडीसारखी केलेली (बारकाईनं बघा, इंजिन लगेच ओळखू येतं). जमीन थोडी खणून चढ तयार केला, आधी दोरी बांधून सराव केला. मग खरा टेक. सुमारे बारा फूट उंच आणि साठेक फूट लांब उडी. एकाच टेकमध्ये झाली. या कामाचे त्याला हजार डॉलर मिळाले असं सांगतात.

यातली माझी आवडती गोष्ट वेगळीच आहे. पाठलाग करणारे जर्मन सैनिक वेगात कमी पडत होते, म्हणून काही शॉटमध्ये जर्मन वेष घालून मॅक्वीननंच गाडी चालवली. म्हणजे एडिटिंगनंतर मॅक्वीन स्वतःच स्वतःच्या मागे लागलाय, आणि शेवटी उडी मारून निसटतोय बड. वाहिनीच्या वायरिंगचा डायग्राम काढल्यासारखं आहे सगळं.

सिनेमा तुफान चालला. जगभर लोकांनी धरून चाललं की उडी मॅक्वीनची. त्याला फक्त गप्प बसायचं होतं. पण जॉनी कार्सनच्या टीव्ही शोमध्ये विषय निघाला तेव्हा त्यानं सरळ सांगून टाकलं की ते मी नाही, बड एकिन्स आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे कोडच्या प्रत्येक ओळीमागे कुणी लिहिली, कधी लिहिली याची नोंद राहते. तरीही मीटिंगमध्ये स्लाईडवर नाव भलत्याचंच असतं, हे मी एकदा मागच्या रांगेत बसून बघितलंय. त्यामुळे मॅक्वीनचं ते एक वाक्य मला उडीपेक्षा अवघड वाटतं. आणि त्या एका वाक्यामुळेच आज बडचं नाव सर्च केलं की सापडतं. आता यात बडचं नशीब किती आणि मॅक्वीनचं मोठेपण किती, हे तुम्ही ठरवा. माझ्या मते ज्यानं गिऱ्हाइकाला मातीत पडायला आणि उठायला शिकवलं, त्याच्याबद्दल खोटं बोलायला जीभ वळत नसावी. पण हा माझा अंदाज झाला.

दोघं पुढं १९६४ साली पूर्व जर्मनीत एरफुर्टला सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीला गेले, अमेरिकन संघ म्हणून. बडचा धाकटा भाऊ डेव्हही होता. उद्घाटनाला अमेरिकेचा झेंडा मॅक्वीनच्या हातात. तिसऱ्या दिवशी बडचा पाय मोडला आणि त्याच दिवशी मॅक्वीनही पडून बाहेर गेला. सुवर्णपदक डेव्ह आणि क्लिफ कोलमननं आणलं. बडनं मात्र या शर्यतीत एकूण चार सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं, ते वेगवेगळ्या वर्षी.

डेव्हवरून आठवलं. १९६२ साली होंडाला आपली छोटी २५० सीसी गाडी दणकट आहे हे अमेरिकेला दाखवायचं होतं. मेक्सिकोत तिहुआनाहून ला पासपर्यंत, साडेनऊशे मैल, बराचसा रस्ताच नाही. विचारणा आधी बडकडे आली असं सांगितलं जातं. तो म्हणाला, मी ट्रायम्फ विकतो, होंडावर कसा बसू? माझ्या भावाला विचारा. डेव्ह आणि बिल रॉबर्टसन ज्युनिअर गेले, आणि डेव्ह चाळीस तासांच्या आत पोचला. पुरावा काय, तर दोन्ही टोकांच्या तार ऑफिसातले वेळेचे शिक्के. पुढच्या सगळ्या बाहा शर्यतींचं मूळ यात आहे. धंद्याच्या इमानापायी बडनं इतिहासातली एक जागा सोडली, आणि ज्या होंडाला नाही म्हटलं तिनंच नंतर ट्रायम्फचा बाजार उठवला. १९६९ ला सीबी७५० आली. १९८३ ला ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना बंद.

बड तोवर स्टंटच्या धंद्यातही पक्का झाला होता. 'बुलिट' (१९६८) मधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पाठलागात मस्टँग काही भागात तो चालवतो, आणि मोटारसायकल आडवी घसरत जाते तो माणूसही तोच. मॅक्वीन १९८० मध्ये गेला, पन्नासाव्या वर्षी. बड शंभराहून जास्त जुन्या गाड्या जमवत, दुरुस्त करत राहिला. १९९९ ला अमेरिकन मोटारसायकल असोसिएशनच्या हॉल ऑफ फेममध्ये आला. ६ ऑक्टोबर २००७ ला वारला, वय ७७. मृत्युलेखांची सुरुवात बहुतेक ठिकाणी त्या उडीनंच झाली. दुकान नंतरच्या परिच्छेदात.

आता ट्रायम्फ पुन्हा उभी आहे, आणि तिच्या ४०० सीसीच्या गाड्या २०२३ पासून आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात बनतात. माझ्या टीममधल्या एकानं त्यातली स्क्रॅम्बलर घेतली. इंजिनाखाली संरक्षक पत्रा, रुंद हँडल. मी त्याला पार्किंगमध्ये उभं करून मोहावीतला धूर आणि घसरगाड्यांची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, ''हो, पण डीलरनं पहिल्या सर्व्हिसला फोन उचलला नाही माझा, त्याचं काय?''

त्या रात्री मी मॅपवर अण्णांच्या दुकानाखाली पाच तारे दिले आणि क्लचच्या आठ संध्याकाळी लिहिल्या. लिंक पप्पांना पाठवली. सकाळी बघितलं तर खाली अजून सहा जणांनी लिहिलं होतं, त्यातल्या तिघांची नावं मला माहीतही नाहीत. पप्पांचं सगळ्यात वर होतं. आठ नाही, अकरा दिवस लागले होते, असं त्यांनी माझी चूक सुधारलीय. आणि गाडी अजून चालू आहे.