खानेसुमारी, शिरगणती आणि नसरापूर

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चेलाडी फाट्याला उजवीकडे वळलं की नसरापूर. बहुतेकांना ते ठाऊक असतं बनेश्वरमुळे, म्हणजे नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेल्या देवळामुळे. राजगड-तोरण्याला जाणारे इथूनच पुढे जातात. पण इथे राहतं कोण आणि किती, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

जुन्या मराठीत या मोजणीला खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर. आधी घरं मोजायची, मग त्यातली माणसं. इंग्रजांनी १८७२ मध्ये देशभर शिरगणती सुरू केली, तरी घर काही सुटलं नाही. आजही आधी घरांचीच यादी होते. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, अशी सरकारी व्याख्या. आपल्या 'चूल वेगळी झाली'शी किती जुळते बघा!

अडचण पुढेच आहे. नगरपालिका नसलेलं गाव शहरात मोजायचं तर ५,००० वस्ती हवी, चौरस किलोमीटरला ४०० माणसं हवीत आणि कामकरी पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेरचे हवेत. बाजाराचं गाव मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांवर जगतं आणि ती वर्दळ कुठल्याच रकान्यात बसत नाही. उलट वेल्ह्याकडच्या वाडीतलं कुलूपबंद घर तिथेच मोजलं जातं, त्यातली माणसं मात्र पुण्याच्या आकड्यात. पाणी, शाळा, दवाखाना यांचा हिशेब होतो तो याच आकड्यांवर.

२०११ नंतरची शिरगणती २०२७ ची. माणसं मोजली जातीलच; गाव मोजलं जाईल का?