नॉर्वे, १९४० : दोन गोळे आणि दोन टॉर्पेडो

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "साहेब, दुसऱ्या महायुद्धात जर्मनी, रशिया, जपान सगळं झालं, छोट्या देशांचं काय?" म्हणून आज नॉर्वे. वर्ष एकच, १९४०. त्यातलीही मुख्यतः एक पहाट. मी तोफखान्यातला माणूस, त्यामुळे तोफांजवळ जरा जास्त रेंगाळेन, सांभाळून घ्या.

नॉर्वे तेव्हा जेमतेम तीस लाख वस्तीचा देश. पहिल्या महायुद्धात तटस्थ राहिला, तसंच याही वेळी निभेल असं सरकारला वाटत होतं. पण स्वीडनच्या किरुना भागातलं लोहखनिज हिवाळ्यात नार्विक बंदरातून जर्मनीला जायचं. ते इंग्रजांना अडवायचं होतं आणि हिटलरला राखायचं होतं. दोघांच्या भांडणात ज्याचं अंगण, त्याला कोण विचारतो?

८ एप्रिलच्या रात्री जर्मन आरमार नॉर्वेच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी एकाच वेळी पोचत होतं. एक ताफा थेट राजधानी ओस्लोकडे निघाला होता. पुढे 'ब्ल्यूशर' नावाची नवीकोरी क्रूझर, तिच्यावर दोन हजारांहून जास्त माणसं. नुसते खलाशी नव्हेत. ओस्लो ताब्यात घेणारं सैन्य, एक जनरल, आणि कारभार हातात घ्यायला निघालेले अधिकारी. बेत असा, की पहाटे शहरात उतरायचं आणि राजा, मंत्रिमंडळ, संसद, बँकेतलं सोनं सगळं झोपेतच उचलायचं.

ओस्लोला समुद्रातून जायचं तर लांबलचक फियॉर्डमधून जावं लागतं. फियॉर्ड म्हणजे डोंगरांच्या मधून आत घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी. तोंडाशी 'पोल ३' नावाची छोटी गस्ती नाव होती. तिने ताफ्याला हटकलं, इशारा दिला. तिचा कप्तान लाइफ वेल्डिंग-ऊल्सेन त्यात गेला. या लढाईतला नॉर्वेचा पहिला बळी. पुढच्या बाहेरच्या किल्ल्यांना धुक्यात नीट दिसलं नाही, जहाजं पुढे सरकली.

आता उरला ड्रोबाकच्या अरुंद सामुद्रधुनीतला ऑस्कर्सबोर्ग. बेटावरचा जुना किल्ला. तिथे २८ सेंटिमीटरच्या तीन क्रुप तोफा, १८९३ च्या. बायबलमधल्या नावांवरून मोझेस, आरोन आणि जोशुआ. म्हणजे तोफा जर्मनच. गोळा २५५ किलोचा, एकदा डागला की पुन्हा भरायला काही मिनिटं जाणार. आणि माणसं? बरेचसे रंगरूट नुकतेच दाखल झालेले. शिकलेले तोफची एका तोफेपुरतेच होते. किल्ल्याचा प्रमुख कर्नल बिर्गर एरिक्सेन, वय ६४, त्याच वर्षी निवृत्त व्हायचा. त्याने त्या तोफचींची दोन तोफांवर वाटणी केली आणि उरलेल्या जागी जो दिसेल तो, अगदी स्वयंपाकीसुद्धा, उभा केला. मी माझ्या आयुष्यात लंगरच्या माणसाला तोफेवर घेतलेलं नाही. पण वेळ आली असती तर दुसरं काय केलं असतं, हेही सांगता येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. आलेली जहाजं कोणाची, हे एरिक्सेनला खात्रीने माहीत नव्हतं. इंग्रजांची असली तर? वरून स्पष्ट हुकूम नव्हता. तटस्थतेचे नियम सांगत होते की आधी इशाऱ्याचा गोळा टाका. पण हाताशी दोनच भरलेल्या तोफा. इशाऱ्यात एक घालवली तर उरली एक. त्याने ठरवलं, इशारा नाही. पदक तरी मिळेल नाहीतर कोर्ट मार्शल तरी होईल, अशा अर्थाचं काहीतरी तो तेव्हा बोलला, असं सांगतात. सीमेवरच्या चौकीत रात्री दोन वाजता फील्ड टेलिफोन धरून, "वरून विचारून सांगतो" हे उत्तर ज्याने ऐकलंय, त्याला या वाक्याचं वजन वेगळं समजावून सांगायला नको. मी ते उत्तर ऐकलेलं आहे. त्या रात्री काही घडलं नाही, माझं नशीब.

४ वाजून २१ मिनिटांनी तोफ उडाली. अंतर इतकं कमी की चुकणं अवघड होतं. दोन्ही गोळे लागले. एकाने आग लावली आणि ती जहाजावरच्या दारूगोळ्याला, इंधनाला भिडली.

तरीही ब्ल्यूशर थांबली नाही. ती पुढे सरकत राहिली आणि नेमकी तिथे पोचली जिथे खडकात कोरलेली टॉर्पेडोची तोफखाना-जागा होती, जिचा जर्मनांना पत्ताच नव्हता. तिथले टॉर्पेडो चाळीस वर्षं जुने. तिथला नेहमीचा अधिकारी आजारी, म्हणून गावातल्याच आंद्रेआस आंदेर्सेन नावाच्या निवृत्त अधिकाऱ्याला बोलावून आणलेलं. पेन्शनीतला माणूस! ते जुने टॉर्पेडो चालतील की नाही, कोणाला खात्री नव्हती. चालले. दोन लागले. ६ वाजून २२ मिनिटांनी ब्ल्यूशर उलटून बुडाली. मेलेल्यांचे आकडे सहाशेपासून हजारापर्यंत वेगवेगळे दिले जातात. मागची 'ल्युट्सोव' आणि बाकीची जहाजं मागे फिरली. किल्ल्यावरचा एकही माणूस दगावला नाही, दिवसभर विमानांनी बाँब टाकूनसुद्धा.

यातून काय मिळालं? काही तास. ओस्लो वाचलं नाही. विमानांनी फोर्नेबू विमानतळावर उतरलेल्या थोड्याशा सैन्याने त्याच दिवशी शहर घेतलं. दुसऱ्या दिवशी किल्ल्यानेही शरणागती दिली. मात्र सकाळी साडेसातच्या सुमारास राजा, मंत्री आणि खासदारांना घेऊन एक खास गाडी हामारकडे निघून गेली होती. बँकेतलं सुमारे पन्नास टन सोनं ट्रकमध्ये भरून बाहेर पडलं, आणि पुढे जहाजांनी देशाबाहेर.

संध्याकाळी क्विस्लिंगने रेडिओवरून स्वतःलाच पंतप्रधान जाहीर केलं. १० तारखेला जर्मन राजदूत ब्रॉयर एल्वेरुमला येऊन राजाला भेटला. मागणी एकच, क्विस्लिंगला मान्यता द्या. राजा हाकोन मूळचा डेन्मार्कचा राजपुत्र, १९०५ साली नॉर्वेच्या लोकांनी मतदान करून आणलेला. त्याचा सख्खा भाऊ डेन्मार्कच्या गादीवर होता, आणि त्या देशाने आदल्या दिवशी काही तासांत हत्यार खाली ठेवलं होतं. हाकोनने मंत्रिमंडळाला सांगितलं, तुम्हाला मान्य करायचं तर करा, पण मग मी गादी सोडतो. कोणीही मान्य केलं नाही. ११ तारखेला नीबेर्गसुंद गावावर बाँब पडले तेव्हा राजा बर्फातून झाडीत पळाला. वय ६७.

पुढे लढाई जूनपर्यंत चालली. ७ जूनला राजा आणि सरकार ट्रोम्सोहून इंग्रजी क्रूझरवर चढले, १० जूनला उत्तरेतल्या शेवटच्या सैन्याने शस्त्रं ठेवली. एकूण ६२ दिवस. पण सरकार कायदेशीर राहिलं, आणि नॉर्वेचा सुमारे हजार जहाजांचा व्यापारी ताफा त्याच्या हुकमात दोस्त राष्ट्रांसाठी तेल वाहत राहिला. क्विस्लिंगला मान्यता मिळाली असती तर ती जहाजं कोणाच्या बाजूने गेली असती, याचा हिशेब आपला आपण करा.

एरिक्सेनला युद्धानंतर नॉर्वेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, तलवारीसह वॉर क्रॉस, मिळाला. कोर्ट मार्शल झालं नाही.

आणि त्याच ९ एप्रिलला, त्याच देशात, नार्विकमध्ये दुसरा एक कर्नल होता, कोनराड सुंड्लो. समोर जर्मन पहाडी सैन्य, हाताशी स्वतःची तुकडी. त्याने गोळी न झाडता गाव देऊन टाकलं. नार्विक परत घ्यायला २८ मे उजाडला, आणि त्यासाठी नॉर्वेजियन, फ्रेंच, पोलिश, इंग्रज अशा चार देशांची माणसं लागली. ती गोष्ट पुढच्या भागात.