मनीची पापणी आणि बॉनचे दोन संशोधक

मागच्या हिवाळ्यात आमच्या मनीची डावी पापणी ओघळली, बाहुली बारीक झाली आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा, म्हणजे मांजरांची तिसरी पापणी, अर्ध्या डोळ्यावर आली. पशुवैद्य बाईंनी तपासून सांगितलं, "डोळा ठीक आहे. दुखणं कानात आहे!"

हे कसं? उत्तराची सुरुवात आमच्या बॉनमध्येच झाली होती. लंडनमधला दवाखाना सोडून आलेले ऑगस्टस वॉलर आणि इथल्या विद्यापीठातले यूलियस बुडगे यांनी १८५१ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की बाहुली रुंदावणारे मज्जातंतू मानेच्या तळाशी आणि छातीच्या वरच्या भागात, मज्जारज्जूतून निघतात. पापणी उचलण्याचं मुख्य काम मेंदूचा तिसरा मज्जातंतू करतो, मिटण्याचं सातवा. पण पापणीला ताण देणारे आणि तिसरी पापणी मागे ठेवणारे बारीक स्नायू छातीतून मानेमार्गे येणाऱ्या याच वाटेवर अवलंबून असतात. मांजरात ही वाट मधल्या कानातून जाते.

१८६९ मध्ये झुरिकचे योहान फ्रीडरिश हॉर्नर यांनी पापणी-बाहुलीची हीच लक्षणं चाळीस वर्षांच्या एका बाईत नोंदवली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. माणसात ही वाट फुप्फुसाच्या टोकाजवळून जाते. त्यामुळे तिथली गाठ कधी कधी आधी डोळ्यात दिसते.

मनी बरी झाली. पण मंडळी, घरात कुणाची एकच पापणी ओघळलेली आणि त्याच डोळ्याची बाहुली बारीक दिसली, तर "झोप झाली नसेल" म्हणून सोडून देऊ नका. लगेच डॉक्टरांकडे जा.