रुपया-स्टर्लिंग विनिमय दर

भारताचा रुपया व ब्रिटनचा पौंड स्टर्लिंग या दोन चलनांमधील अदलाबदलीचे प्रमाण. सु. शंभर वर्षे हा दर भारताच्या चलनव्यवस्थेचा केंद्रबिंदू होता. वरवर पाहता तो अंकगणिताचा विषय वाटतो. तथापि शासनाचा परदेशी खर्च, शेतमालाची किंमत व कारखानदारीचे हित या सर्वांवर त्याचा परिणाम होत असल्यामुळे त्याला प्रारंभापासूनच राजकीय स्वरूप प्राप्त झाले.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा व १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा रुपया सर्व ब्रिटिश मुलखात प्रमाण नाणे म्हणून सुरू केला. टाकसाळी चांदीसाठी खुल्या असल्यामुळे रुपयाचे मूल्य त्यातील चांदीच्या किंमतीइतकेच राही. ब्रिटनमध्ये सुवर्ण परिमाण होते. त्यामुळे विनिमय दर म्हणजे वस्तुतः सोने व चांदी यांच्या किंमतींचे प्रमाण होय. १८७० च्या सुमारापर्यंत रुपया २ शिलिंगांच्या आसपास स्थिर होता. त्यानंतर जर्मनीने सुवर्ण परिमाण स्वीकारून चांदी विकावयास काढली, फ्रान्सादी लॅटिन संघाच्या देशांनी चांदीची नाणी पाडणे थांबविले व अमेरिकेतील खाणींमुळे चांदीचा पुरवठा वाढला. परिणामतः १८९२-९३ मध्ये रुपयाचा सरासरी दर १ शि. ३ पेन्सांहूनही किंचित खाली आला.

या घसरणीचा प्रत्यक्ष भार भारताच्या तिजोरीवर पडला. कर्जावरील व्याज, निवृत्तिवेतने, लष्करी खर्च इत्यादींसाठी (होम चार्जेस) भारत सरकारला दरवर्षी लंडनला पौंडांत भरणा करावा लागे. महसूल मात्र रुपयांत जमा होई. १८९२-९३ मध्ये पाठविलेल्या सु. १ कोटी ६५ लक्ष पौंडांसाठी २६·४८ कोटी रु. लागले. १८७३-७४ च्या दराने तेवढ्याच पौंडांसाठी १७·७५ कोटी रु. पुरले असते. ही तूट करांतूनच भरून काढावी लागणार होती. दुसऱ्या बाजूने, स्वस्त रुपयामुळे निर्यातीस उत्तेजन मिळत होते. मुंबईच्या गिरण्यांचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जाई व तेथेही रौप्य चलन होते. त्यामुळे रुपया चांदीपासून अलग करण्यात या धंद्याचे नुकसान होते.

हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार २६ जून १८९३ रोजी टाकसाळी चांदीसाठी बंद करण्यात आल्या. रुपयाची टंचाई निर्माण होऊन १८९८ मध्ये दर १ शि. ४ पेन्सांवर आला. फाउलर समितीच्या शिफारशीनंतर १८९९ मध्ये १ सॉव्हरिन = १५ रु. या प्रमाणात सॉव्हरिन विधिग्राह्य ठरले. प्रत्यक्षात मात्र सुवर्ण चलन रूढ न होता सुवर्ण विनिमय परिमाण आकारास आले : देशात रुपयाची नाणी व कागदी नोटा, तर परदेशी देण्यांसाठी स्टर्लिंग. भारतमंत्री लंडनमध्ये कौन्सिल बिले विकून व गरज पडल्यास सरकार भारतात रिव्हर्स कौन्सिल बिले विकून हा दर राखीत. केन्स यांनी १९१३ मध्ये या पद्धतीचे समर्थन केले. उलट, डॉ. भीमराव आंबेडकर यांनी द प्रॉब्लेम ऑफ द रुपी (१९२३) या ग्रंथात तिच्यावर टीका केली. केवळ विनिमय दर स्थिर ठेवून भागत नाही, रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहिली पाहिजे व त्यासाठी चलननिर्मितीवर निश्चित मर्यादा हवी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पहिल्या महायुद्धात चांदी महागली व डिसेंबर १९१९ पर्यंत दर २ शि. ४ पेन्सांपर्यंत चढविण्यात आला. पुढे २ शिलिंग (सुवर्ण) हा दर टिकविण्याच्या प्रयत्नात १९२० मध्ये सु. साडेपाच कोटी पौंडांची रिव्हर्स कौन्सिल बिले विकण्यात आली. तरीही तो टिकला नाही आणि १९२१ मध्ये रुपया १ शि. ४ पेन्सांच्याही खाली गेला.

हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये १ शि. ६ पे. या दराची शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १ शि. ४ पेन्सांचा आग्रह धरला. दोन पेन्सांचा हा फरक किरकोळ नव्हता. एका पौंडाच्या कापसाचे पूर्वी १५ रु. येत; नव्या दराने १३ रु. ५ आ. ४ पै येणार होते. शेतसारा व सावकाराचे देणे मात्र रुपयांत ठरलेले असल्याने तेवढेच राहणार होते. याउलट, दर उतरविल्यास लाभ व्यापारी वर्गाचा होतो व महागाईची झळ श्रमजीवींना लागते, याकडे डॉ. आंबेडकरांनी लक्ष वेधले. १९२७ च्या चलन कायद्याने १ शि. ६ पे. हाच दर निश्चित झाला. जागतिक मंदीत शेतमालाच्या किंमती कोसळल्यावर या दरावरील टीका अधिकच तीव्र झाली.

सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्ण परिमाण सोडले, तेव्हा रुपया त्याच दराने स्टर्लिंगशी जखडण्यात आला. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेवर कायद्याने तो राखण्याची जबाबदारी आली. १९४७ मध्ये हे वैधानिक बंधन सुटले. पण १९४९ मध्ये स्टर्लिंगबरोबरच रुपयाचेही अवमूल्यन झाल्याने पौंडाचा भाव १३·३३ रु. कायम राहिला. ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने तो २१ रु. झाला. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन होऊनही भारताने त्याचे अनुकरण केले नाही व पौंड १८ रुपयांवर आला. डिसेंबर १९७१ मध्ये पुन्हा स्टर्लिंगशी जोडलेला रुपया २५ सप्टेंबर १९७५ रोजी निवडक चलनांच्या समूहाशी निगडित करण्यात आला. मार्च १९९३ पासून रुपयाचा दर मुख्यतः बाजारातील मागणी-पुरवठ्यानुसार ठरू लागला.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. कोणताही दर सर्वांना सारखाच हितकारक नव्हता. मात्र स्वातंत्र्यापूर्वी या परस्परविरोधी हितांचा निवाडा लंडनमध्ये होत होता व ज्यांना त्याचे परिणाम भोगावयाचे होते, त्यांना त्यात निर्णायक स्थान नव्हते.