घर ते विमानतळ : सुट्टीच्या पहिल्या दिवशी नेमकं किती वाजता निघायचं?

विमान चुकतं ते बहुतेक वेळा विमानतळावर नाही, तर घर आणि विमानतळ यांच्यामधल्या रस्त्यावर. तिकीट सहा महिने आधी काढलेलं असतं, हॉटेलं ठरलेली असतात, व्हिसा हातात असतो. मात्र "किती वाजता निघायचं?" हा प्रश्न आदल्या रात्री बॅगा भरताना निघतो आणि उत्तरही अंदाजपंचे मिळतं. "चार तास खूप झाले की." खरंच होतात का?

मुंबईचं विमानतळ आणि पुण्याहून तिथवरचा प्रवास हे उदाहरण घेऊन पाहू. पुण्याहून परदेशी जाणारी थेट विमानं मोजकीच असल्यामुळे पुणेकरांना मुंबई गाठावीच लागते. शिवाय या एका प्रवासात घाट, टोल, पाऊस, शहरातली कोंडी आणि चुकीचं टर्मिनल असे सगळेच धोके भेटतात.

आधी तिकीट नीट वाचा

पहिली गडबड तारखेची. मुंबईहून निघणारी अनेक आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर "१५ मे, ००:४०" असं लिहिलं असेल, तर तुम्हाला घरातून १४ मेच्या दुपारी किंवा संध्याकाळी निघायचं आहे. १५ तारखेच्या रात्री पोहोचलात तर विमान जाऊन जवळजवळ चोवीस तास झालेले असतील. वाचायला हे बाळबोध वाटतं, पण रजेचा अर्ज "१५ पासून" टाकला जातो, कॅब १५ तारखेची ठरवली जाते आणि चूक उशिरा लक्षात येते.

दुसरी गडबड जागेची. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाची दोन टर्मिनलं आहेत. टी-१ सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला, तर टी-२ अंधेरी पूर्वेला सहारमध्ये. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी अजूनही "सांताक्रूझ म्हणजे डोमेस्टिक, सहार म्हणजे इंटरनॅशनल" असतं, पण २०१४ साली नवं टी-२ सुरू झाल्यापासून हा हिशेब अर्धाच खरा आहे. आंतरराष्ट्रीय विमानं टी-२ वरूनच जातात, देशांतर्गत मात्र दोन्हीकडून. एकाच कंपनीची काही विमानं टी-१ वरून आणि काही टी-२ वरून सुटतात, त्यामुळे "मागच्या वेळी गोव्याला इथूनच गेलो होतो" हा पुरावा चालत नाही. दोन्ही टर्मिनलं एकाच विमानतळाची असली तरी रस्त्याने त्यांच्यात चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे, आणि गर्दीच्या वेळी तेवढ्यात अर्धा तास सहज जातो.

आता यात तिसरी जागाही आली आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुटू लागली. ते पनवेल-उलव्याच्या बाजूला आहे. सहारपासून रस्त्याने ते साधारण ३५ ते ४० किलोमीटर दूर आहे. तिकीट काढताना दोन्हींसमोर "मुंबई" दिसू शकतं. ओळखायचं ते कोडवरून. बीओएम म्हणजे जुनं विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. पुणेकरांना नवी मुंबईचं तिकीट मिळालं तर फायदाच आहे, कारण वाशीची खाडी ओलांडून चेंबूर-कुर्ल्याच्या गर्दीत शिरायची वेळच येत नाही. बोरिवलीकरांसाठी चित्र नेमकं उलटं.

गोव्यातही हीच गोष्ट आहे. जानेवारी २०२३ पासून मोपाचं विमानतळ सुरू झालं आणि दाबोळीही चालूच राहिलं. मोपा उत्तर टोकाला पेडण्यात, दाबोळी दक्षिणेकडे वास्कोजवळ. सावंतवाडी-कुडाळच्या लोकांना मोपा हाकेच्या अंतरावर आहे, पण तिकीट दाबोळीचं असेल तर अख्खा उत्तर गोवा ओलांडावा लागतो.

उलटं मोजायचं

निघायची वेळ घरापासून पुढे मोजायची नसते, विमानापासून मागे मोजायची असते. त्यातही विमान सुटायची वेळ ही आपली अंतिम वेळ नसतेच. बॅगा घेणारा काउंटर देशांतर्गत विमानासाठी साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, आंतरराष्ट्रीय विमानासाठी ६० ते ७५ मिनिटं आधी. विमानात चढायचं गेटही उड्डाणाच्या २०-२५ मिनिटं आधी बंद केलं जातं. कंपनीनुसार यात थोडा फरक असतो, म्हणून आकडा स्वतःच्या तिकिटावर पाहावा. काउंटर बंद झाल्यावर समोर विमान उभं दिसत असलं तरी उपयोग नाही. इथे एसटी कंडक्टरला हात करून थांबवायची सोय नाही.

समजा, कोथरूडचं चौघांचं कुटुंब आहे आणि विमान टी-२ वरून शनिवारी पहाटे दीडला आहे. काउंटर सव्वाबाराच्या सुमारास बंद होणार. पण सुट्टीच्या हंगामात बॅगा देणं, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी या तीन रांगा असतात, म्हणून तीन तास आधी, म्हणजे शुक्रवारी रात्री साडेदहाला दारात असायला हवं. कोथरूड ते टी-२ हे अंतर सुमारे १५० किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर तीन-साडेतीन तास. मध्ये एक चहाचा थांबा धरून चार. म्हणजे साडेसहाला निघायचं?

नाही. कारण शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला चांदणी चौक आणि वाकडची काय अवस्था असते ते कोथरूडकरांना सांगायला नको. त्यात घाटात काही घडलं तर? अशा प्रवासात एका मोठ्या खोळंब्याचा वेळ वेगळा धरावाच लागतो, किमान दीड ते दोन तास. तेव्हा दुपारी चार-साडेचारला घर सोडणं शहाणपणाचं. सगळं सुरळीत झालं तर विमानतळावर आठ-साडेआठला पोहोचाल आणि आजोबा म्हणतील, "उगाच पळवलंत." म्हणू द्या. आंतरराष्ट्रीय विमानाचे काउंटर बहुतेक वेळा तीन-चार तास आधी उघडतात, म्हणजे फार तर थोडा वेळ बसून काढावा लागेल.

नकाशाचं अ‍ॅप वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. "आत्ता निघालात तर" ही वेळ फक्त आत्ताची असते. आठवडाभर आधी, त्याच वारी, त्याच वेळेला तोच रस्ता अ‍ॅपवर पाहून ठेवा. "या वेळेला पोहोचायचं आहे" असा पर्याय निवडला तर अ‍ॅप नेहमीच्या रहदारीवरून कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे देतं. त्यातला मोठा आकडा आपला.

घाट हाच खरा प्रश्न

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा आहे, पण वेळेचा खेळ होतो तो लोणावळा-खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंतच्या बोरघाटात. द्रुतगती मार्ग आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग हे दोन वेगळे रस्ते असले, तरी घाटात काही अंतर ते एकत्र येतात. दोन रस्त्यांची वाहनं एकाच रस्त्यावर, त्यात तीव्र उतार आणि दमत चाललेले ट्रक. म्हणून "द्रुतगती मार्ग अडला तर जुन्या रस्त्याने जाऊ" हा बेत घाटात उपयोगी पडत नाही. घाटाचा हा भाग टाळण्यासाठीच खोपोली ते कुसगाव असा सुमारे १३ किलोमीटरचा "मिसिंग लिंक" आखला गेला.

हा धोका नुसता कागदावरचा नाही. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली होती. १३ जून २०२३ रोजी लोणावळ्याजवळ कुणे पुलावर टँकरला आग लागली, चार जणांचा जीव गेला आणि वाहतूक काही तास ठप्प झाली. अशा दिवशी रस्त्यात अडकलेल्यांपैकी कुणाचं ना कुणाचं तरी विमान असतंच.

गेलेला वेळ वेगाने भरून काढू, हा विचारही सोडून द्यावा. मोटारींना सपाट रस्त्यावर ताशी १०० आणि घाटात ६० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि मार्गावर कॅमेरे बसवलेले आहेत. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का हे आदल्या दिवशीच पाहा. नसतील तर जादा टोल आणि रांगेत हुज्जत, दोन्ही वाट्याला येतं. मुंबईच्या वेशीवर वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर या पाच नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही.

रेल्वेचा विचार पुणेकर आता कमी करतात, पण दिवसाच्या विमानासाठी तो चांगला पर्याय आहे. रेल्वेचा घाट वेगळा आहे, त्यामुळे रस्ता तुंबला तरी गाडी चालू असते (अतिवृष्टीत दोन्ही बंद पडू शकतात, हेही खरं). सकाळच्या गाडीने दादरला उतरायचं आणि दादर पश्चिमेहून भुयारी मेट्रो धरायची.

मुंबईत राहणाऱ्यांसाठी मेट्रो

आरे ते कफ परेड ही मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि विमानतळाच्या प्रवासाचं गणितच बदललं. दोन्ही टर्मिनलांना स्वतःचं स्थानक आहे. गिरगाव, दादर, वरळी इथल्या माणसाला रस्त्यावरच्या कोंडीशी काही देणंघेणं न ठेवता टी-१ किंवा टी-२ गाठता येतं. ठाणे-मुलुंडकडच्यांनी घाटकोपरहून मेट्रो-१ ने मरोळ नाक्याला यायचं आणि तिथे मेट्रो-३ मध्ये बदलायचं. पुढचंच स्थानक टी-२. मेट्रो-१ वर "एअरपोर्ट रोड" नावाचं स्थानक आहे, त्याला फसू नका. नाव काहीही असलं तरी तिथून टी-२ बॅगा ओढत चालत जाण्याइतकं जवळ नाही.

मेट्रोची अडचण एकच, आणि ती मोठी आहे. रात्री उशिरा आणि भल्या पहाटे ती बंद असते, नेमकी ज्या वेळी परदेशी विमानं असतात. तेव्हा गाडी लागते. अ‍ॅपवर आदल्या रात्री केलेलं बुकिंग म्हणजे गाडी पक्की झाली असं नसतं. बहुतेक वेळा चालक निघायच्या थोडं आधी ठरतो आणि तो नकारही देऊ शकतो. पहाटे साडेतीनला सोसायटीच्या दारात उभं राहून तिसऱ्यांदा "ड्रायव्हर शोधत आहोत" वाचण्यापेक्षा ओळखीच्या रिक्षावाल्याला किंवा टॅक्सीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

पावसाळ्यात अंधेरीचा भुयारी मार्ग तुंबतो, तेव्हा पश्चिमेकडून टी-२ ला येणाऱ्यांनी तो गृहीतच धरू नये. पश्चिम द्रुतगती महामार्गापर्यंत पोहोचलात की सहारचा उन्नत मार्ग थेट टी-२ च्या प्रस्थान मजल्यावर सोडतो. गणपती विसर्जनाच्या दिवशी विमान असेल तर दुपारीच निघा, किंवा आदल्या रात्री अंधेरीच्या मावशीकडे मुक्काम करा. मावशी नसेल तर हॉटेल. चार जणांची नवी तिकिटं काढण्यापेक्षा एका रात्रीची खोली केव्हाही स्वस्त पडते.

अडकलातच तर

सर्वात आधी विमान कंपनीला फोन किंवा अ‍ॅपवर संदेश, आणि तोही विमान सुटायच्या आधी. यामागे पैशांचं एक कारण आहे जे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जाण्या-येण्याचं तिकीट एकाच पीएनआरवर असेल आणि जाताना तुम्ही न कळवता गैरहजर राहिलात, तर बहुतेक कंपन्या परतीचा प्रवासही रद्द करतात. म्हणजे तुम्ही धावपळ करून दुसऱ्या विमानाने बँकॉकला पोहोचलात, तरी परतीच्या दिवशी तुमच्या नावाची जागाच नसते. म्हणून फोनवर दोन गोष्टी मागायच्या : पुढच्या विमानात बदल, आणि ते शक्य नसेल तर परतीचं तिकीट कायम ठेवणं. दुसरी मागणी मान्य होईलच असं नाही, पण विमान सुटून गेल्यावर ती करण्यात फारसा अर्थ उरत नाही.

वेब चेक-इन घरूनच केलेलं असेल आणि फक्त हातातली बॅग असेल, तर काउंटरची रांग वाचते. देशांतर्गत प्रवासात हा फरक कधी कधी विमान मिळवून देतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात कागदपत्रं तपासायला काउंटरवर जावं लागू शकतं, तेव्हा त्यावर विसंबू नका.

आणि विमान गेलंच, तर "नॉन-रिफंडेबल" या शब्दाला घाबरून गप्प बसू नका. मूळ भाडं गेलं तरी न केलेल्या प्रवासावरचे वैधानिक कर आणि विमानतळाचं वापरकर्ता शुल्क प्रवाशाला परत द्यावं, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. गैरहजर राहिलेल्या प्रवाशालाही तो लागू होतो. ही रक्कम आपणहून खात्यात येईल याची वाट पाहू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर परताव्याचा अर्ज करा. तिकीट एजंटमार्फत काढलं असेल तर एजंटकडे लेखी मागा.